काकूंना सांगा, तीळ संपलेत

३ डिसेंबर २०२३, रविवार. फरीदाबाद

कल्पना म्हणाली, "तुम्हाला जे काय सांगायचंय ते वहीत लिहा, मला मेथी निवडू द्या." म्हणून ही वही. बायकोच्या दुर्लक्षातून लेखक जन्माला येत असावेत.

यंदा चौदा जानेवारी, म्हणजे लढाईचा दिवस, रविवारी आहे, त्यामुळे आमच्या मराठी मंडळाची पानिपतची बस पूर्ण भरणार. बस ठरवणं, पोहे ठरवणं आणि काला अंबच्या स्मारकापाशी लढाईची हकीकत सांगणं ही तिन्ही कामं निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे आहेत. गेल्या वर्षी हकीकत चालू असताना अर्धी मंडळी बसमध्ये जाऊन बसली. थंडी होती, हे मान्य.

आज चौथ्या मजल्यावरचं नवं जोडपं चहाला आलं. धीरज पुण्याचा, गुरुग्रामच्या कंपनीत मोठ्या पगारावर, काम बहुतेक घरूनच. मुलगा लाघवी. आल्या आल्या वाकून नमस्कार केला. त्याची बायको वल्लरी मात्र अबोल. मी विचारलं, "नाशिकची का तू?" तर तोच म्हणाला, "हो काका, पण आता बिल्कुल दिल्लीवाली झालीय." नोकरी करतेस का, विचारलं, तर तोच म्हणाला, "सोडली तिने. काय गरज आहे, यार?" बायकोचा एवढा भार स्वतःवर घेणारा नवरा विरळा. मी कल्पनाला तसं म्हणालो. ती मेथी निवडत राहिली.

मी पानिपतचा विषय काढला तेव्हा वल्लरी पहिल्यांदा बोलली. "काका, पार्वतीबाई तिथून परत आल्या ना? त्यांना कोणी आणलं?" इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. भाऊ कसे पडले, विश्वासरावांना गोळी कशी लागली, हेच सगळ्यांना हवं असतं. मी सांगायला लागलो, तेवढ्यात धीरज उठला आणि ती लगेच उठली.

९ डिसेंबर

वल्लरी हल्ली दुपारी गुळपोळी शिकायला येते. संक्रांतीला महिना आहे, पण गुळपोळीला तयारी लागते म्हणे. धीरजचा दर थोड्या वेळाने फोन. आज तर व्हिडिओ लावून म्हणाला, "काकू दिसू देत जरा." कल्पनाने लाटणं हलवून दाखवलं. लग्नाला दोन वर्षं होऊनही इतकी ओढ! मी ऑफिसातून कल्पनाला वर्षातून एकदा फोन करायचो, तोही किल्ली विसरली तर.

तिच्या मनगटावर निळं-काळं झालंय. बांगडी काढताना झालं म्हणाली. मी सांगितलं, साबण लावत जा. कल्पनाने मला फ्रीजमधून बर्फ आणायला पाठवलं आणि परत येईपर्यंत स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं होतं.

तासाभराने उत्तरा आली. कल्पनाबरोबर पूर्वी बँकेत होती. आता काय करते ते मला नीट ठाऊक नाही, पण हातात फाइल होती आणि ती वल्लरीला विचारत होती, "मूळ कागद कुठे असतात? आधार, डिग्री, लग्नाचं सर्टिफिकेट?" विम्याची एजंट झाली असणार. मी दारातूनच सांगितलं की आमचे सगळे विमे उतरवून झालेत. ती हसली आणि म्हणाली, "तुमचं बरं आहे, पद्माकरराव."

१७ डिसेंबर

आज एक चमत्कारिक प्रकार झाला. संध्याकाळी माझ्या फोनवर वल्लरी. आवाज एकदम गोड, जरा जास्तच. "काका, काकूंना सांगा, माझ्याकडचे तीळ संपलेत." मी पेपर न मिटता निरोप दिला. कल्पनाने फोडणी तशीच ठेवून गॅस बंद केला, तिळाचा डबा उचलला आणि मला म्हणाली, "चला." मी म्हटलं, स्वेटर तरी घालू दे. नाही घालू दिला.

चौथ्या मजल्यावर तिने घंटीवरचं बोट काढलंच नाही. पुष्कळ वेळाने धीरजने दार उघडलं. केस विस्कटलेले, पण हसरा. "अरे काकू! अभी? काय झालं?" कल्पना म्हणाली, "तीळ आणलेत," आणि सरळ आत जाऊन सोफ्यावर बसली. वल्लरी खिडकीशी उभी होती, ओढणी गालावर ओढलेली. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची आडवी पडली होती. मी ती उभी केली. कल्पना तीळ कसे भाजावेत यावर इतकं बोलली की मलाही तिच्यापुढे हार मानावी लागली. मग "चल, आत्ताच भाजून दाखवते" म्हणून पोरीला खाली घेऊन आली. धीरज नाही म्हणू शकला नाही, कारण मी दारातच उभा होतो.

जिन्यात मी विचारलं, "तिळांची एवढी घाई कसली?" कल्पना म्हणाली, "तुम्ही दारात उभे राहिलात ना, तेवढं पुरे."

दोघांचं भांडण झालं असावं. तरुण माणसं भांडतात. पण खुर्ची का पडली होती, हे मी विचारायला हवं होतं की नको, हे अजून ठरत नाही.

२४ डिसेंबर

माझ्या पानिपतच्या पुस्तकांमागे एक निळी पिशवी सापडली. मी ओढली तर कल्पना म्हणाली, "राहू द्या, हळदीकुंकवाच्या वाणाचं सामान आहे." दरवर्षी वाणाला स्टीलच्या वाट्या नाही तर प्लॅस्टिकच्या चाळण्या असतात. ही पिशवी मऊ लागली. यंदा कपडा लुटणार असेल. वल्लरीही रोज येताना डब्यात काही ना काही घेऊन येते आणि रिकामा डबा घेऊन वर जाते. मी म्हटलं, शिकणाऱ्याने न्यायचं असतं, आणायचं नसतं. दोघी हसल्या. पोरगी हसली की छान दिसते.

आज तिने पुन्हा विचारलं, "काका, त्या बायकांनी आधीच निघायचं ठरवलं असतं तर?" मग मात्र मी खुललो. सांगितलं की भाऊंची चूक शौर्यात नव्हती, परतीच्या वाटेत होती. वाट अंगात बळ असतानाच राखावी लागते. उपासमार सुरू झाल्यावर ती शोधून उपयोग नाही. ओझं थोडं न्यावं. बेत चार तोंडी होऊ देऊ नये. आणि पलीकडे आपलं माणूस उभं हवं. ती एकेक शब्द ऐकत होती. आणि आतून चक्क कल्पनाचा आवाज आला, "अहो, ते पुन्हा एकदा सांगा तिला."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी पुन्हा सांगितलं, विस्ताराने.

२ जानेवारी २०२४

आज मी एक चांगलं काम केलं. पानिपतच्या बसमध्ये वल्लरीचं एकटीचंच नाव होतं. कल्पनाने स्वतः वर जाऊन धीरजची परवानगी आणली होती. मला ते बरं वाटेना. सगळे जोडीने येणार आणि ही एकटी? सकाळी लिफ्टमध्ये धीरज भेटला. म्हटलं, तूही चल, आभारप्रदर्शन तूच कर. प्रमुख पाहुणे उद्योगक्षेत्रातले बडे गृहस्थ आहेत, ओळख होईल. तो म्हणाला, "अच्छा? मग येतोच काका."

घरी येऊन मोठ्या उत्साहाने सांगितलं. कल्पनाचं लाटणं थांबलं. वल्लरीने हातातला कप इतका हळू खाली ठेवला की आवाजही झाला नाही. कल्पना म्हणाली, "छान केलंत." हा 'छान' मला ओळखीचा आहे. पण माझं चुकलं काय, ते सांगेल तर शपथ. जेवलीसुद्धा नाही.

५ जानेवारी

उत्तरा आली होती. तिघी स्वयंपाकघरात. मला चहासुद्धा बाहेर मिळाला नाही. पण नंतर कल्पनाचा नूर पालटला. म्हणाली, "अहो, धीरज येतोय ते बरंच झालं. त्याला तुमच्या शेजारी बसवा. सगळं नीट दाखवा. अजिबात घाई करू नका."

म्हणजे शेवटी माझं म्हणणं पटलं.

१३ जानेवारी

भाषणाची तालीम केली. कल्पनाने पूर्ण ऐकली. पूर्ण! वर म्हणाली, "उदगीरची लढाई घाला ना आधी. आणि दिल्ली घेतली ते फार थोडक्यात आटोपताय." मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

१५ जानेवारी, संक्रांत. सकाळी

काल इतकं काही घडलं की आज सगळं नीट लिहायचं आहे.

सकाळी धुकं इतकं की बस दिसण्याआधी तिचा हॉर्न ऐकू आला. वल्लरी शाल गुंडाळून खाली आली आणि फाटकापाशीच पोट धरून बसली. मळमळतंय म्हणाली. धीरज म्हणाला, मग मीही जात नाही. कल्पना म्हणाली, "अरे, आभार तू मानणार ना? पाहुणे यायचेत. हिला माझ्याकडे झोपवते. मीही जात नाही." मीही दंड धरून त्याला बसमध्ये चढवलं. मला खरोखरच आभाराची काळजी होती, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

बसमध्ये तो सारखा फोनवर नकाशा बघत होता. त्यात एक ठिपका होता, आमच्या घरावर. ठिपका जागच्या जागी आहे म्हणून तो खुशीत होता. वाटेत मुरथलच्या ढाब्यावर पराठे खाताना फोन केला. कल्पना म्हणाली, झोपलीय. काला अंबला पोचल्यावर पुन्हा केला. झोपलीय. म्हणाला, "काकू, व्हिडिओ लावा, बघू दे." पलीकडून कल्पनाचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला, "मला नाही रे जमत ते व्हिडिओबिडिओ."

मी चमकलो. आमची नात बंगळुरूला असते. कल्पना तिला रोज व्हिडिओवर गोष्ट सांगते.

पाहुणे आले, हार झाले, मी बोलायला उभा राहिलो. उदगीर संपत आलं असेल, तेवढ्यात धीरज पुढे येऊन कानाशी म्हणाला, "काका, मी निघतो. टॅक्सी बघतो." मी एका हाताने माइक झाकला, दुसऱ्याने त्याचा हात धरला. म्हटलं, आभाराशिवाय कसा जाशील? तर त्याने माझं मनगट पकडलं. चेहरा लोकांकडे, हसरा. आणि अंगठा असा रुतवला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हळूच म्हणाला, "हात सोडा. बायको माझी आहे. तिला कसं ठेवायचं ते मला कळतं."

तो अंगठा जिथे रुतला होता, तिथेच वल्लरीच्या हातावर ते निळं-काळं होतं.

खुर्ची, ओढणी, तीळ, पिशवी, उत्तराची फाइल, सगळं एकदम माझ्यासमोर आलं. मी घाबरलो, हे लिहायला लाज वाटत नाही. ती पोर या क्षणी कुठे असेल ते मला ठाऊक नव्हतं. एवढंच कळलं की हा माणूस इथे जितका वेळ आहे, तितका वेळ तिचा आहे.

मी माइकवरचा हात काढला. म्हटलं, "मंडळी, आज आपल्यात एक तरुण आहेत, श्रीयुत धीरज. हकीकत संपेपर्यंत भगवा ध्वज तेच हातात धरतील. या, पाहुण्यांच्या शेजारी उभे राहा." टाळ्या झाल्या. कोणीतरी ध्वज त्याच्या हातात दिला. पाहुण्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आता तो ध्वज टाकून पळणार कसा? चारचौघांत चांगलं दिसण्यासाठीच तर त्याचा सगळा खटाटोप.

आणि मग मी सुरुवातीपासून सुरुवात केली. उदगीर पुन्हा घेतलं. पटदूरचा मुक्काम घेतला. फौज किती, तोफा किती, बरोबर यात्रेकरू किती, सगळं. कुंजपुरा घेतला. यमुनेला पूर कसा होता ते सांगितलं आणि अब्दाली बागपतला कसा उतरला तेही. लोक चुळबुळू लागले. मंडळाच्या चिटणिसांनी घड्याळ दाखवलं, मी त्यांना ओळख दिली नाही. बायका पोरांना घेऊन बसकडे निघाल्या. धीरजला खिशातला फोन काढता येत नव्हता. दोन्ही हातांत ध्वज होता. प्रमुख पाहुणे सज्जन, ते शेवटपर्यंत बसले. देव त्यांचं भलं करो.

शेवटी पार्वतीबाईंवर आलो. तेवढ्या धुमाळीतून त्यांना सुखरूप बाहेर काढलं, असं सांगताना माझा आवाज फुटला. लोकांना वाटलं, इतिहासाने.

येताना धुक्यामुळे बस रांगत होती. धीरजने टॅक्सी शोधली, पण अशा धुक्यात कोणी यायला तयार होईना. तो सर्वांत पुढे ड्रायव्हरपाशी उभा होता. मी मागे बसून गणपतीचं नाव घेत होतो.

घरी आलो तेव्हा फाटकावर चौकीचे दोन पोलीस गार्डबरोबर चहा पीत होते. वल्लरीचा फोन आमच्या टेबलावर वाजत होता. वल्लरी नव्हती. धीरज दार ढकलून आत येऊ लागला, "कुठे आहे ती? काकू, कहाँ है वो?" मी दारात उभा राहिलो. या वेळी मला ठाऊक होतं की मी का उभा आहे. तो मोठ्याने ओरडला तसे पोलीस वर आले. वल्लरीने स्वतःच्या मर्जीने घर सोडल्याचं उत्तराने ठाण्यात लेखी देऊन ठेवलं होतं. धीरज म्हणाला, हे म्हातारा-म्हातारी पळवणारे आहेत. पोलीस म्हणाला, "भाईसाब, नीचे चलके बात करते हैं."

ती कुठे गेली, मी कल्पनाला विचारलं. "मला ठाऊक नाही. मीच सांगू नको म्हटलं उत्तराला. जे आपल्याला ठाऊक नाही, ते कोणी आपल्याकडून काढू शकत नाही." उत्तरा विम्यात नाही. ती अशाच बायकांच्या संस्थेत काम करते. तिळाचा निरोप, पिशवी, कागद, सगळं तिने शिकवलं. फोन मागे ठेवायचा हेसुद्धा. आधीच्या बेतात वल्लरी पानिपतहून उत्तराच्या गाडीत बसणार होती. "तुम्ही त्याला बोलावलंत तेव्हा मला रडू फुटलं होतं," कल्पना म्हणाली. "मग उत्तराच म्हणाली, उलट बरं झालं, तो घरापासून इतका लांब पुन्हा कधी जाणार?"

मी चिडलो. मला का नाही सांगितलं? मी काय परका?

"सांगितलं असतं तर तुमचं तोंड उतरलं असतं आणि त्याला तिथल्या तिथे कळलं असतं. तुम्हाला लपवता येत नाही. बोलता येतं. तेवढ्यावर मी भरवसा ठेवला."

हे कौतुक की टोमणा, याचा विचार करत मी दुपारपर्यंत रुसून बसणार आहे. मनगट सुजलंय. आतून गुळपोळीचा वास येतोय, त्यामुळे दुपारपर्यंत जमेलसं वाटत नाही.

३० जानेवारी

धीरज घर रिकामं करून गेला. त्याने तिला फोन करू नये, तिच्याजवळ जाऊ नये, असा कोर्टाचा हुकूम झालाय म्हणे. जाताना लिफ्टमध्ये भेटला, वाकून नमस्कार करायचा विसरला. बरं वाटलं.

उत्तरा फक्त "ठीक आहे" एवढंच कळवते. कल्पनाला तेवढ्याने चैन पडत नाही. फोन वाजला की हातातलं टाकून येते आणि नंबर बघून परत जाते. परवा तिने भाजीत दोनदा मीठ घातलं. मी निमूट खाल्लं.

१६ फेब्रुवारी, रथसप्तमी

आज हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. बिल्डिंगमधल्या बायका येऊन गेल्या. वाणाला यंदा छोट्या बरण्या होत्या, तिळाने भरलेल्या. बंगाली, पंजाबी शेजारणींनी विचारलं, "आंटी, इतने तिल?" कल्पना म्हणाली, "घर में होने चाहिए. खतम हो जाएँ तो मुझे फोन करना. कभी भी." हे ती एकेकीच्या डोळ्यांत बघून सांगत होती. दोघीतिघी हसल्या. एक हसली नाही.

सगळ्या गेल्यावर मी रिकाम्या ताटल्या गोळा करत होतो, तर माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. मागे कुठेतरी शाळेची घंटा होत होती आणि मुलांचा गलका.

"काका?"

बोलता येतं म्हणून ज्याची ख्याती, त्याला एक शब्द सुचेना.

"काका, काकूंना एक निरोप द्या. म्हणावं, तीळ आहेत माझ्याकडे. भरपूर आहेत."

मी तसाच ओरडत स्वयंपाकघरात गेलो. कल्पनाने फोन घेतला नाही. आधी ती ओट्याला टेकून खाली फरशीवर बसली, पदर तोंडावर घेतला आणि रडली. मग फोन घेतला आणि म्हणाली, "जेवतेस ना नीट?" दोघी पुष्कळ वेळ बोलल्या. ती शाळेत नोकरीला लागलीय, एवढं मला ऐकू आलं. कुठल्या गावी, ते कल्पनाने विचारलं नाही.

फोन ठेवल्यावर ती तशीच बसून राहिली. मी तिला पाणी दिलं, शेजारी बसलो आणि काही सुचेना म्हणून पानिपतची हकीकत सांगू लागलो, उदगीरपासून. तिने मला एकदाही थांबवलं नाही.